उत्तर बरोबर, कारण चूक

विमानाचे पंख धडाच्या वर असतात, मधोमध असतात किंवा खाली असतात. आठवी-नववीच्या प्रोजेक्टला हा विषय आला तर काम तसं तासाभराचं आहे. गुगल करायचं, तीन चित्रं चिकटवायची, खाली फायद्या-तोट्यांचा तक्ता आखायचा. हाय विंगच्या फायद्यांमध्ये एक ओळ जवळपास ठरलेली असते : ‘हे विमान जास्त स्थिर असते, कारण त्याचे वजन पंखांखाली लंबकासारखे लटकते.’ बाई बरोबरची खूण करतात. मार्क मिळतात. वही कपाटात जाते.

यात गंमत अशी, की त्या ओळीचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि ‘कारण’ या शब्दानंतरचा खोटा.

बाकी सगळं सारखं असेल तर हाय विंग विमान एका बाजूला कलल्यावर परत सरळ व्हायला जास्त राजी असतं, हे खरंच आहे. पण लंबकामुळे नाही. झोपाळा मध्यावर येऊन थांबतो, कारण त्याची कडी आढ्याला पक्की असते. विमानाला आभाळात कडी नाही. विमान कललं की पंखही कलतात, आणि पंखांची उचलही तेवढीच कलते. वजन गुरुत्वमध्यातूनच खाली ओढत असतं, त्यामुळे ते विमानाला फिरवून सरळ करू शकत नाही.

मग सरळ कोण करतं? विमान कललं की ते त्या बाजूला थोडं घसरायला लागतं. घसरलं की त्याच बाजूने वारा लागतो. हा वारा धडावर आपटून वर-खाली फाकतो. पंख धडाच्या वर असेल, तर वर चढणारा वारा त्या बाजूच्या पंखाला धडाजवळ खालून रेटतो, आणि खाली गेलेला पंख उचलला जातो. पंख धडाच्या खाली असेल तर नेमकं उलटं होतं : तिथे वारा खाली वळतो आणि कललेली बाजू अजून कलायला मदतच करतो. म्हणून तर एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांचे पंख धडापासून टोकाकडे चढत जातात. वरचा पंख जे काम आयतं करतो, ते खालच्या पंखाला असं तिरकं होऊन करावं लागतं.

आता कुणीही विचारेल, एवढं कशाला? उत्तर बरोबर होतं ना?

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तर्कपंडिताने या प्रश्नासाठी एक झकास उदाहरण दिलंय. मांस भाजायला कुणीतरी नुकताच विस्तव पेटवलाय. धूर अजून निघालेला नाही, पण मांसाच्या वासाने किड्यांचा थवा वर घोंघावतोय. लांबून बघणाऱ्याला तो थवा धूर वाटतो आणि तो म्हणतो, ‘तिथे आग आहे.’ आग आहेच! मग त्याला आगीचं ज्ञान झालं का? धर्मोत्तराच्या मते नाही. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तीन पानी निबंधात जवळपास हाच पेच मांडला आणि पाश्चात्त्य विद्यापीठांमध्ये त्यावर अजून वाद चालू आहेत. लंबकवाली वही म्हणजे तोच किड्यांचा थवा. आग सापडली, पण धुरावरून नाही.

मला विचाराल तर फरक पडतो, आणि तो परीक्षेत नाही तर परीक्षेनंतर पडतो. भारतीय हवाई दलाकडे २०१३पासून सी-१७ ही प्रचंड मालवाहू विमानं आहेत. त्यांचे पंख धडाच्या वर आहेत, आणि ते टोकाकडे चक्क खाली झुकलेले आहेत. लंबक डोक्यात असलेल्या मुलीला हे चित्र दाखवा. तिला काहीच सांगता येणार नाही, कारण लंबक कधी ‘जास्त’ होत नाही. वाऱ्याचं गणित माहीत असलेली मुलगी मात्र विचार करू शकते : वर बसवलेला पंख, शिवाय तो मागे वळलेला, आणि मागे वळलेला पंखही विमानाला सरळ करायलाच बघतो. म्हणजे सरळ होण्याची ओढ नको तितकी वाढली असणार. मग पंख झुकवून ती कमी केली. चुकीचं कारण पुस्तकात दिलेल्या उदाहरणापुरतं चालतं, पुढच्या उदाहरणाशी अडतं.

(तोपर्यंत तक्त्याचीही पंचाईत झालेली असते. ‘स्थिरता’ फायद्यात लिहायची की तोट्यात? राइट बंधूंनी तर १९०३च्या विमानाचे पंख मुद्दाम किंचित खाली झुकवले होते. बाजूने येणाऱ्या वाऱ्याच्या झोताने ते उलथू नये म्हणून. सायकलवाल्यांना वाहन स्वतःहून सरळ राहण्यापेक्षा चालवणाऱ्याच्या हातात असणं जास्त पसंत होतं.)

पण प्रत्येक गोष्ट स्वतः तपासायची म्हटलं तर जगणंच थांबेल. पृथ्वीचं वय, औषधाच्या गोळीतले घटक, आपली जन्मतारीखसुद्धा आपण दुसऱ्यांच्या शब्दावर मानलेली आहे. हे लाजिरवाणं नाही. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंगतीत ‘शब्द’ हे प्रमाण मानाने बसवलंय. अट एकच, की सांगणारा ‘आप्त’ हवा. वात्स्यायनाने भाष्यात आप्ताची व्याख्या केलीय ती नातेवाइकाची नाही : ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण तेच.

ही व्याख्या घेऊन गुगलच्या पहिल्या पानावर जा. दहा वेबसाइट्सवर लंबकाचं तेच वाक्य, जरासे शब्द फिरवून. एआयला विचारलंत तर तेही बऱ्याचदा तेच वाक्य नीट इस्त्री करून देईल. आपल्याला वाटतं दहा साक्षीदार मिळाले. पण दहाही जणांनी एकमेकांचंच ऐकलं असेल तर साक्षीदार एकच आहे, आणि त्यानेही काही पाहिलेलं असेलच असं नाही.

विश्वास कुठे ठेवायचा आणि कुठे थांबायचं, याबाबत राइट बंधूंचंच एक प्रकरण मला फार आवडतं. ऑटो लिलिएन्थाल हा जर्मन माणूस ग्लायडर उडवत असताना कोसळला आणि १८९६ साली गेला. मागे त्याचे पंखांच्या उचलीचे तक्ते राहिले. राइट बंधूंनी ते तक्ते विश्वासाने वापरले. १९०१च्या ग्लायडरला मात्र हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली. त्यांनी तक्त्यांवर शंका घेतली, आणि शंका घेऊन थांबले नाहीत. डेटनमधल्या सायकलच्या दुकानात लाकडी खोक्याचं विंड टनेल केलं, करवतीची पाती आणि सायकलच्या तारा वापरून तराजू बनवले, आणि दोनेकशे छोटे पंख तपासले. निष्कर्ष काय निघाला? लिलिएन्थाल बहुतांशी बरोबर होता. खोट होती हिशेबातल्या दुसऱ्याच एका आकड्यात. जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरच्या नावाने शंभराहून जास्त वर्षं ०.००५ हा आकडा चालत आला होता, तो प्रत्यक्षात ०.००३३च्या आसपास निघाला. शंभर वर्षं लोक तो एकमेकांच्या वह्यांमधून उतरवत होते.

तपासणीने इथे दोन कामं केली. चुकीचा आकडा पकडला, आणि स्वतःच्या बाजूने बोलायला जिवंत नसलेल्या एका माणसावरचा आळ दूर केला. ‘इंटरनेटवरचं सगळं खोटं असतं’ असं म्हणणाऱ्यांची मला म्हणूनच चीड येते. न तपासता मानणं आणि न तपासता झटकणं, दोन्हींत मेहनत सारखीच, म्हणजे शून्य.

चौदा वर्षांच्या मुलीने विंड टनेल बांधावं असं माझं म्हणणं नाही. साठ वह्या तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक ‘कारण’ खणून काढावं असंही नाही. पण आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे : ‘म्हणे’. ‘वजन लंबकासारखं लटकतं म्हणे.’ या एका शब्दाने सांगणारी स्पष्ट करते, की हे माझं जाणलेलं नाही, ऐकलेलं आहे. घरात, कट्ट्यावर आपण तो सहज वापरतो. शाळेच्या वहीत मात्र त्याला जागा नाही. तिथे सगळं ‘कारण’ असतं. आणि ‘कारण’ लिहिलं की आपण साक्षीला उभे राहतो. उद्या धाकटा भाऊ तीच वही उतरवणार, आणि त्याच्यासाठी आप्त आपणच असणार.

तक्त्यातली काही कारणं मात्र नुसत्या डोळ्यांनी तपासता येतात. एअरपोर्टवर एटीआर ७२ दिसलं तर बघा : पंख वर असल्यामुळे इंजिनांचे पंखे जमिनीपासून किती उंच आहेत, आणि धड इतकं खाली आहे की मोजक्या पायऱ्यांत माणसं आत जातात. चाकं पंखांत मावत नाहीत म्हणून धडाच्या दोन्ही बाजूंना फुगवटे आहेत, तेही दिसतील. मग शेजारच्या ए३२०कडे बघा आणि दोघांचे पंख समोरून किती चढतात ते कागदावर दोन रेघांत काढा. एटीआरची रेघ जवळजवळ आडवी येईल. त्या दोन रेघांखाली ‘कारण’ लिहायला हरकत नाही.