सांभाळणारी किती टिकते?

पाळणाघर बघायला गेलेले आईवडील बहुधा भिंती बघून येतात. रंगीत चित्रे, गालिचा, वातानुकूलित खोली, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा. संचालिका बडबडगीते, सणांचे कार्यक्रम आणि शुल्क समजावून सांगतात. ज्या मावशींच्या कडेवर बाळ दिवसाचे नऊ तास राहणार असते, त्या तेव्हा आत कुणाला तरी भरवत असतात. त्यांच्याशी कुणी दोन शब्द बोलत नाही. निवड चुकते ती इथे.

तान्ह्या बाळाला संस्था कळत नाही, माणूस कळते. हे रडणे भुकेचे की झोपेचे, मऊ भात कोणत्या चवीने पोटात जातो, कोणत्या कुशीवर डोळा लागतो, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, सहवासाने येते. मावशी बदलल्या की ते त्यांच्याबरोबर निघून जाते आणि बाळ पुन्हा पहिल्या दिवसावर येते. आजीकडे वाढणाऱ्या मुलाचे बरे चालते, त्यामागे रक्ताच्या नात्याइतकेच हे सातत्यही असते. मात्र आजीचे गुडघे आणि तिची इच्छा गृहीत धरून आखलेली व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

कॅमेऱ्याने हे सातत्य येत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याने टिपली. पुरावा मिळाला, पण मार चुकला नाही. म्हणून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. एका मावशीकडे बाळे किती? इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक प्रौढ व्यक्ती लागते. आपल्याकडच्या उत्तराशी हे ताडून पाहावे. मावशी इथे किती वर्षे आहेत? त्या रजेवर गेल्या तर बाळ कुणाकडे? पहिले काही दिवस आईला सोबत बसू देतात का? न कळवता भरदुपारी गेले तर आत घेतात का? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे सुरू झाले, तर भिंती कितीही सुंदर असोत, परत फिरावे.

अर्थात, निवडायला काहीतरी असेल तरच निवड. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती स्त्री-कामगारांच्या संख्येशी जोडली होती. म्हणजे ती टाळायची तर बायका कमी ठेवायची सोय मालकाला होतीच. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभाही दिली. मोठे पाऊल होते. तरी त्या रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधी गेले, तर आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. उष्टावणही व्हायचे असते. आणि शेतात, घरकामात, छोट्या दुकानांत राबणाऱ्या बायकांपर्यंत हे हक्क पोहोचतच नाहीत. त्यांच्यासाठी १९७५ पासून अंगणवाडी आहे, पण बहुतेक ठिकाणी ती काही तासच भरते. तिथे तान्ह्यांना पोषण मिळते, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. तिथल्या सेविकेलाही राज्य पगार देत नाही, मानधन देते.

पाळणाघरातल्या मावशीही याच बायकांपैकी एक. आपले मूल त्या सांभाळत असताना त्यांचे मूल सासूकडे असते, किंवा शाळा बुडवणाऱ्या थोरल्या मुलीकडे. थोडा जास्त पगार कुठे मिळाला की त्या जातात, आणि त्यात त्यांचे काय चुकले? शुल्क परवडणारे, मुले मोजकी आणि मावशी टिकाऊ, या तिन्ही गोष्टी एकाच घरच्या पैशांत बसत नाहीत. मधली तूट मालकाने, महापालिकेने, सरकारने भरायला हवी. आज ती मावशी आपल्या तुटपुंज्या पगारातून भरतात.

तेव्हा प्रश्नांच्या यादीत आणखी एक हवा: मावशींना पगार किती देता? हा विचारताना जीभ अडखळते, कारण त्याचे उत्तर फिरून आपण भरत असलेल्या शुल्कापाशीच येते. तरीही विचारावा. बाळाजवळचे माणूस टिकणार की नाही, हे त्या आकड्यावरूनच सर्वांत आधी कळते.