कंसातली गोष्ट

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जाणारे दोन निवृत्त शिक्षक. गुरुजी वारकरी, मास्तर ख्रिस्ती. रविवारी उपासनेत मास्तरांना वाचन करायचंय. योहानाच्या शुभवर्तमानातली, व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट.

मास्तर : लेक म्हणते, जुन्या प्रतींत ही गोष्ट नाहीच. खरं आहे तिचं. इ.स. 200 च्या आसपासचे दोन पपायरस, चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकनची हस्तलिखितं, कुठंही नाही. ग्रीक प्रतींत ती पहिल्यांदा दिसते ती बेझाच्या हस्तलिखितात, पाचव्या शतकाच्या सुमाराला.

गुरुजी : आणि योहानाचं पुस्तक कधीचं?

मास्तर : बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकाची अखेर धरतात. पण मूळ प्रत कुणी पाहिलीय? मँचेस्टरला एक तुकडा आहे, तळहातात मावेल एवढा. पिलातानं केलेल्या येशूच्या चौकशीच्या तुटक ओळी. 1935 मध्ये अक्षराच्या वळणावरून तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. आता काहीजण तिसऱ्या शतकापर्यंत यायला तयार आहेत.

गुरुजी : वळणावरून काळ सांगणं अवघडच. माणूस तरुणपणी गिरवलेलं वळण म्हातारपणीही सोडत नाही. पण मास्तर, एवढा घोळ कशाला? आपल्या इथला समर्थांचा मारुती शके 1571 चा मानतात. हात जोडताना मी शक विचारत नाही.

मास्तर : मारुतीचं सोडा. उद्या कुणी ज्ञानेश्वरीत पदरची ओवी घातली तर?

गुरुजी : (जरा थांबून) खपवून घेणार नाही. एकनाथांनी त्यासाठीच तर शके 1506 मध्ये पोथी शुद्ध केली. इसवी सनात मोजलं तर ज्ञानेश्वरी 1290 ची, नाथांची प्रत 1584 ची. तीनशे वर्षांत काय काय शिरलं असेल!

मास्तर : मग नाथांच्या न्यायानं ही गोष्ट काढावी लागेल. आणि तिथंच माझा जीव अडकतो. दगड मारायला जमलेली माणसं एकेक करून निघून जातात, हे जर ख्रिस्ताचं नसेल तर कुणाचं?

गुरुजी : आवडलं म्हणून खरं ठरवता?

मास्तर : नाही. पण उशिरा लिहिलं गेलं म्हणजे उशिरा घडवलं, असंही नाही. पुस्तकाबाहेर तोंडी फिरत असेल. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी ग्रीक-हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते दोन पपायरस उजेडात आलेही नव्हते. त्यांना जे माहीत नव्हतं, ते मला माहीत आहे. ते लपवू कसं?

गुरुजी : लोक विचारतील, आज हे गेलं, उद्या काय जाईल?

मास्तर : विचारतीलच. मार्काच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा वचनांचंही असंच आहे.

गुरुजी : तुमच्या छापील पुस्तकात काय केलंय?

मास्तर : आजच्या बहुतेक आवृत्त्यांत असतं तसंच. गोष्ट ठेवलीय, कंस किंवा तळटीप घालून.

गुरुजी : मग मलाही तेच पटतं. नाथांना ओवी घालणाऱ्याचा राग होता, कारण तो सांगत नाही की ही माझी. कंस घातला की चोरी उरत नाही. गोष्ट वाचा. पण तळटीप मनात वाचून पुढं जाऊ नका, तीही तेवढ्याच मोठ्यानं वाचा.