नहेम्या पदर झटकतो
(वाचावयाचा भाग : नहेम्या ५ : १-१९)

नहेम्या म्हटला म्हणजे यरुशलेमेचा तट डोळ्यांपुढें येतो. तो बावन्न दिवसांत पुरा झाला, हें शब्बाथशाळेंतील मुलेंही सांगतात. परंतु प्रिय बंधुजनहो, तट पुरा होण्यापूर्वीं पांचवा अध्याय येतो, आणि मंडळीच्या पंचांनीं व उपदेशकांनीं तो एकांतीं बसून वाचावा, असें मला वाटतें.

काम चाललें असतां ओरड उठली, आणि ती शत्रूंची नव्हे. गरीब यहूदी व त्यांच्या बायका आपल्याच भाऊबंदांविरुद्ध गाऱ्हाणें घेऊन आल्या. कोणाच्या घरीं खाणारीं तोंडें पुष्कळ आणि दाणा नाहीं. कोणी दुष्काळांत धान्यासाठीं शेत, द्राक्षमळा व घर गहाण टाकलेला. कोणी इराणच्या राजाचा सारा भरण्यास ऋणको झालेला. कित्येकांच्या मुली तर आधींच दासी होऊन गेल्या होत्या. व्याज शेंकडा एक; तें दरमहाचें असावें, असें पुष्कळ टीकाकार समजतात. आमच्या खेड्यांतील वाचकांस हा दर फार जड वाटणार नाहीं, याचेंच मला वाईट वाटतें! मोशेच्या नियमशास्त्रानें तर गरीब भावापासून व्याज घेण्याचीच मनाई केली होती.

नहेम्या संतापला, पण लागलाच बोलला नाहीं; प्रथम मनाशीं विचार केला. मग त्यानें सरदारांस व अधिकाऱ्यांस तोंडावर दोष दिला आणि मोठी सभा भरविली. परक्यांस विकलेले भाऊ आम्हीं सोडवावे आणि तुम्हीं ते पुन्हां विकावे काय, असें विचारतांच ते निरुत्तर झाले. पुढचें पाहा. आपण, आपले भाऊ व आपले चाकर हेही लोकांस पैसा व धान्य देत आहेत, हें त्यानें भरसभेंत स्वतःच सांगितलें. त्यानें व्याज घेतलें होतें कीं नाहीं, हा वाद मी पंडितांवर सोपवितों. धनकोंच्या यादींत आपलें नांव आहे हें त्यानें लपविलें नाहीं, आणि व्याज सोडा असें न म्हणतां आपण सोडूं असें म्हटलें.

उपदेशकबंधो, ज्या घरीं तुम्ही प्रार्थनेस जातां, त्या घराचा एखादा कागद तुमच्या पेटींत आहे काय? असल्यास तेथें तुमची प्रार्थना कोणत्या कानांनीं ऐकली जाते?

नहेम्या बारा वर्षें, इ. स. पू. ४४५ पासून ४३३ पर्यंत, सुभेदार होता. पूर्वीचे सुभेदार अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल रुपें घेत. त्यांचे चाकरही लोकांवर धनीपणा गाजवीत. ह्याच्या पंक्तीस दीडशें यहूदी व अधिकारी, शिवाय परगांवचे पाहुणे. रोज एक बैल, सहा निवडक मेंढरें व पक्षी शिजत. तरी सुभेदाराचा भत्ता त्यानें घेतला नाहीं, कारण देवाचें भय होतें आणि लोक आधींच दबले होते. शेतही विकत घेतलें नाहीं. दुष्काळांत जमीन स्वस्त मिळते, हें त्याला कळत नव्हतें थोडेंच!

सावकारांनीं परत देण्याचें कबूल केलें. तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. त्यानें याजकांस बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतली. मग आपला पदर झटकला, आणि जो वचन मोडील त्याला देव घरादारांतून असाच झटकून टाको, असें म्हटलें. सर्व सभा आमेन म्हणाली. शेतें त्याच दिवशीं परत करावयाचीं होतीं. सुगीपर्यंत कोणी मुदत मागितल्याचें लिहिलेलें नाहीं.