परक्या भाषेंत ठेविलेलीं नांवें

इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्यास व्याकरण साधलें तरी वाक्प्रचार सहसा साधत नाहींत. त्यांतहि माणसांच्या स्वभावाचें वर्णन करणारे वाक्प्रचार मोठे मोहक असतात. घराण्यास कमीपणा आणणारा मुलगा ‘ब्लॅक शीप’ ठरतो, कारण काळ्या मेंढीच्या लोकरीस दुसरा रंग चढत नसे व तिला मोलहि कमी येई. रंगाचा बेरंग करणारा ‘वेट ब्लँकेट’ होतो, कारण ओली घोंगडी टाकून आग विझवीत असत. ज्याच्या गुणांचा आधीं कोणासच अदमास नसतो तो ‘डार्क हॉर्स’. घोड्यांच्या शर्यतींतला हा शब्द डिझरायलीच्या १८३१ सालच्या कादंबरींत आढळतो. अशीं चित्रें एकदां मनांत ठसलीं, म्हणजे तीं कोणास तरी लावून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. आणि तेथेंच भाषेचा प्रश्न संपून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

आमच्याच घरांतील गोष्ट सांगतों. आमचे काका प्रत्येक गोष्टीची बारकाईनें चौकशी करीत. मुलांच्या वाक्प्रचारांच्या वहींत ‘डाउटिंग थॉमस’ आला, त्या दिवशीं आम्हींच हंसत हंसत तो काकांस बहाल केला. सर्वांनीं तो उचलला. पुढें काकांनीं कांहीं विचारलें कीं, ‘थॉमससाहेब बोलले’ असें म्हणून तें विनोदावारी नेण्यांत येई. कांहीं दिवसांनीं घरबांधणीचा करार झाला व त्यांतील एका अटीपायीं आम्हांस बरीच झीज सोसावी लागली. आम्हीं विचारलें, “काका, करार वाचतांना तुम्ही कांहींच कसे बोललां नाहींत?” ते शांतपणें म्हणाले, “अरे, थॉमसाचें ऐकतो कोण?”

पैशांची झीज भरून निघाली. तें उत्तर मात्र मनांतून जाईना. हा थॉमस कोण, हें तरी आम्हांस कोठें ठाऊक होतें? म्हणून बायबल उघडलें. योहानाच्या शुभवर्तमानांत, ख्रिस्ताच्या जखमा प्रत्यक्ष पाहिल्यावांचून त्याचें पुनरुत्थान मानण्याचें थॉमसानें नाकारलें, हें खरें. परंतु त्याच ग्रंथांत, येशू जिवाच्या धोक्याकडे निघाला असतां, आपणहि त्याच्याबरोबर मरावयास जाऊं असें सोबत्यांस सांगणाराहि हाच थॉमस आहे. केरळांतील सिरियन ख्रिस्ती लोक तर आपल्या धर्माचा आरंभ त्याच्याच आगमनापासून मानतात. एवढ्या मोठ्या आयुष्यांतून वाक्प्रचारानें संशयाचा एक प्रसंग तेवढा उचलला!

आपल्या भाषेंत असें घडत नाहीं, असें नाहीं. भांडणें लावणाऱ्यास आपण ‘कळलाव्या नारद’ म्हणतों आणि घरभेद्यास बिभीषण. परंतु नारद म्हणतांच त्याची वीणा व भक्तिहि आठवते. बिभीषण म्हणतांच त्यानें रावणास आधीं केलेला सदुपदेशहि आठवतो. नांवाबरोबर सबंध कथा ऐकणाऱ्याच्या मनांत उभी राहते व निंदेची धार कांहीं बोथट होते. परभाषेंतून घेतलेल्या नांवामागें ती कथा येत नाहीं. येतो तो केवळ शेरा. शिवाय वडील माणसासमोर जें मराठींत बोलण्यास जीभ धजत नाहीं, तें इंग्रजींत सहज बोलून जातां येतें, आणि वर विद्वत्तेचें कौतुकहि पदरांत पडतें.

म्हणून हे वाक्प्रचार शिकूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्यावांचून इंग्रजी ग्रंथांतील माणसें नीट समजावयाचीं नाहींत. मात्र ते समजण्यासाठीं शिकावे, घरच्या माणसांस चिकटविण्यासाठीं नव्हे. संशय ही एका प्रसंगाची वृत्ति असते. ‘संशयी’ हें जन्माचें नांव होऊन बसतें.

मुलांच्या वहींत त्या वाक्प्रचारापुढें आम्हीं आतां थॉमसाची सबंध हकीकत लिहविली आहे. ती काकांस दाखविली, तेव्हां त्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचली आणि विचारलें, “हें कोणत्या अध्यायांत आहे?” पुष्कळ दिवसांनीं त्यांनीं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. या खेपेस कोणी हंसलें नाहीं. आम्हीं उठून ग्रंथ आणला व त्यांच्यापुढें ठेविला.