जुनी मोटार आणि आमचा साधेपणा

आमच्या चर्चच्या आवारात एक पांढरी मारुती 800 उभी असते. ती 2003 सालची. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे 2018 मध्ये भरली. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून आम्ही ती मुदत वाढवून घेत आलो. या मॉडेलचे उत्पादन 2014 साली थांबले. तरीही सुटे भाग मिळतात, नाक्यावरच्या मेकॅनिकला तिची नाडी ठाऊक आहे, म्हणून ती चालते. ती ठेवावी की बदलावी, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आमच्यापुढे उभा राहिला. वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न; परंतु विचार करू लागलो तसतसा तो सदसद्विवेकाचा ठरला.

जुनी वस्तू जपण्याच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल. आपल्या घरांत भांड्यांना कल्हई होई, छत्रीला नवी काडी बसे, थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रात वस्तू वापरून फेकून देण्याच्या वृत्तीविषयी सावध केले होते. त्याआधी 2013 साली त्यांनी इटलीतील एका धर्मगुरूंची 1984 सालची, तीन लाख किलोमीटर धावलेली रेनॉ मोटार भेट म्हणून स्वीकारली. धर्मगुरू अगदी नव्या मॉडेलच्या मोटारीतून फिरताना दिसला की मनाला वेदना होतात, असेही त्यांनी त्याच वर्षी तरुण उमेदवारांना सांगितले होते. हे दाखले आम्ही प्रवचनांतून दिले आहेत. आणि खरे सांगायचे तर, ते देताना श्रोत्यांचे लक्ष आवारातल्या आमच्या मारुतीकडे जावे, अशी सुप्त इच्छाही मनात असे.

जुलैमधल्या एका रात्री एका वृद्ध बाईंना रुग्णाभ्यंग देण्यासाठी आम्ही निघालो आणि मोटार वाटेतच बंद पडली. मोटार चालवणारा तरुण भर पावसात अर्धा तास ती ढकलत होता. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचे होते. बाईंच्या घरी पोहोचलो तेव्हा त्यांना शुद्ध होती, ही देवाची कृपा. परंतु परतताना एक विचार मनातून जाईना. साधेपणाचे श्रेय आम्हाला मिळत होते. त्याची किंमत मात्र तो तरुण आणि ती रुग्णाईत मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मोटार वर उचलली आणि पायाखालचे मॅट काढून दाखवले. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने तळाचा पत्रा खाल्ला होता; पूर्वीच्या वेल्डिंगची ठिगळेही सुटत चालली होती. या मोटारीला वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. तो म्हणाला, “फादर, इंजिनाची खात्री देतो. पत्र्याची देत नाही.”

आमच्या मते निर्णयाची रेषा येथे आहे. क्लच, रेडिएटर, बॅटरी बदलता येतात. तोवर दुरुस्ती हाच शहाणपणा, कारण नवी मोटार घडवायलाही लोखंड आणि इंधन खर्ची पडते. परंतु जी आपल्याबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालते, ती काटकसर सद्गुण राहत नाही. “आजवर इतका खर्च केला, आता कशी सोडायची?” असे समितीत एकाने विचारले. गेलेला पैसा गेला. मोटार ठेवली तरी तो परत येत नाही. पुढचा रुपया कोणाच्या भल्यासाठी पडणार आहे, एवढेच पाहायचे.

मोटार बदलायचे ठरले. नवी न घेता थोडी वापरलेली घ्यायची. तेवढ्यात भाजीचा धंदा करणारे एक गृहस्थ आले. आमची मारुती तीस हजारांना घ्यायला ते तयार होते. भंगारात निम्मेही मिळणार नव्हते. समितीतील काहींचे डोळे चमकले. आमचेही क्षणभर चमकले, हे नाकारत नाही. परंतु ज्या पत्र्यावर आम्ही पाय ठेवायला कचरतो, त्याच्यावर त्यांची लेकरे बसणार होती. आम्ही त्यांना मॅट उचलून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “फादर, दुसऱ्या कोणी दाखवले नसते.” मग ती 2021 च्या धोरणानुसार सुरू झालेल्या नोंदणीकृत भंगार केंद्राकडे देण्याचे ठरले.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी मोटार, स्कूटर वा गॅसची शेगडी असेल. ती अवश्य जपा. मात्र अधूनमधून मॅट उचलून पाहा. आणि विकायची वेळ आली, तर घेणाऱ्यालाही उचलून दाखवा.