दीड वर्ष उरलेलं असताना

दरवर्षी डिसेंबरात, सेमिस्टर संपत आलं की इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांतून एक प्रश्न घरी येतो : हे सोडलं तर? बहुतेक घरांत त्याला दोनच उत्तरं ठरलेली असतात. 'गप अभ्यास कर' हे एक, आणि 'तुझ्या मनाला येईल ते कर' हे दुसरं. दोन्ही उत्तरं प्रश्न पुरता ऐकून न घेता दिलेली असतात. खालचा संवाद कल्पित आहे, पण त्यात दोघी एकमेकींचं ऐकून घेतात. भाची पुण्यात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मावशीने कॉलेजात आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे.

भाची : मावशी, मला सिव्हिल सोडायचंय. पुरातत्त्व शिकायचंय.

मावशी : सिव्हिल नको म्हणून पुरातत्त्व, की पुरातत्त्व हवं म्हणून सिव्हिल नको?

भाची : दोन्हींत फरक काय?

मावशी : पहिल्यात तू पळते आहेस, आणि पळणाऱ्याला समोर दिसेल तो रस्ता चालतो. दुसऱ्यात तुला कुठेतरी पोचायचंय.

भाची : पळत नाहीये. एकही केटी नाही, सर्व्हेइंग तर मला आवडतं. पण मी इनामगावबद्दल वाचलं आणि सगळं बदललं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी चर खणला होता, बांध घातला होता. वर्गात आम्ही कालव्याचा उतार काढायला शिकतो. मला तो चर कुणी खणला, कुणाच्या सांगण्यावरून खणला आणि एवढं करूनही ते गाव पुढे ओस का पडलं, हे शोधायचंय.

मावशी : हे ऐकायला बरं वाटलं. आता त्याच इनामगावची दुसरी बाजू बघ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथलं उत्खनन १९६८ मध्ये सुरू केलं, ते १९८३ पर्यंत चाललं. मोठा अहवाल छापून आला १९८८ मध्ये. या वीस वर्षांतलं बरंचसं काम खापरं धुण्याचं, त्यांवर क्रमांक घालण्याचं, त्यांची चित्रं काढण्याचं आणि हाडं वेगळी करून नोंदवण्याचं होतं. गाव ओस का पडलं, हा प्रश्न विचारायला एक संध्याकाळ पुरते. उत्तराच्या जवळ जायला तुझ्यासारख्या कितीतरी जणांच्या अशा रुक्ष दुपारी लागतात.

भाची : म्हणजे माझी आवड वरवरची आहे, असं तुझं म्हणणं?

मावशी : तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. तुझ्याकडेही ती खरी आहे असं म्हणायला अजून आधार नाही. माझ्या मते एखाद्या कामाची आवड म्हणजे त्यातला कंटाळवाणा भाग आपला वाटणं. रंजक भाग तर कुणालाही आवडतो.

भाची : पण तो भाग मला आवडेल की नाही, हे केल्याशिवाय कसं कळणार? आणि करायचं म्हणजे आधी हे सोडायला हवं.

मावशी : एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचं 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्सपिरियन्स' हे २०१४ चं पुस्तक याच पेचावर आहे. काही निर्णय निर्णय घेणाऱ्यालाच बदलून टाकतात. ज्या आवडीनिवडी घेऊन तू निवड करशील, त्या निवड केल्यावर तशाच राहतील याची खात्री नाही. त्यामुळे नफा-तोट्याचा हिशेब आधी मांडताच येत नाही.

भाची : मग विचार करण्यात अर्थच काय? नाणं उडवावं.

मावशी : आयुष्य आधी जगून बघता येत नाही, पण त्याचा एक तुकडा बघता येतो. पुढच्या हिवाळ्यात एखाद्या उत्खननावर मदतीला घेतील का, विचार. पंधरा दिवस खड्ड्याच्या कडेला बसून माती चाळ, संध्याकाळी खापरं धू. त्यातून सगळं कळणार नाही. पण आज तू एका पुस्तकाच्या जोरावर बोलते आहेस, तेव्हा स्वतःच्या पंधरा दिवसांच्या जोरावर बोलशील.

भाची : आणि वाट बदललेल्या इतिहासकार दामोदर कोसंबींचं काय? ते गणिताचेच होते ना? आहत, म्हणजे ठसे उमटवलेली जुनी नाणी वजन करून, संख्याशास्त्र लावून त्यांनी इतिहास लिहिला.

मावशी : कोसंबींनी गणित सोडलं नव्हतं. १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं, तेव्हा ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितच करत होते. शिवाय एका कोसंबींवरून आपला निर्णय घेऊ नये. वाट बदलून जे कुठेच पोचले नाहीत, त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. या क्षेत्रात सरकारी जागा मोजक्या आहेत आणि जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही, हे गृहीत धरूनच बोल.

भाची : ते धरलंय. माझी खरी अडचण बाबा आहेत. त्यांनी माझ्यासाठी कर्ज काढलं. सोडते म्हटलं की विश्वासघात केल्यासारखं वाटतं.

मावशी : इथे दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या कर. कर्जाला रक्कम असते, म्हणून ते फिटतं. उपकाराला रक्कम नसते. तो फेडायचा म्हणून आयुष्य द्यायला निघालीस, तर आयुष्य जाईल आणि उपकार तसाच राहील. बाबांचं तू दोन गोष्टींचं देणं लागतेस : कर्जाची रक्कम आणि खरं बोलणं. चाळीस वर्षं नको असलेलं काम करणं त्या देण्यात येत नाही.

भाची : म्हणजे सोडू?

मावशी : तुझी तीन सेमिस्टर उरली आहेत. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. आज सोडलंस तर आधी बी.ए. करण्यात तीन वर्षं जातील. सिव्हिल पुरं केलंस तर दीड. झालेली अडीच वर्षं वाया जातील म्हणून पुरं कर, असं मी म्हणत नाही. गेलेली वर्षं काही केलं तरी परत येत नाहीत, त्यांच्यासाठी पुढची घालवू नयेत. तुला जिथे जायचंय, तिथलीच जवळची वाट या दीड वर्षातून जाते, एवढंच सांगते.

भाची : हिशेब बरोबर आहे, पण मला त्याची भीती वाटते. दीड वर्षाने प्लेसमेंट येईल. मग पगार, मग घराचं कर्ज, मग लग्न. 'आधी हे पुरं कर' असं ऐकून कितीजण परत वळले?

मावशी : वळायची ओढ टिकली नाही, तर ती तेवढी खोल नव्हती असं समजावं.

भाची : हे मला पटत नाही. रोपाला वर्षभर पाणी घातलं नाही आणि ते वाळलं, तर बी खोटं होतं असं म्हणायचं का? ओढ न टिकणं हा तिच्या खोटेपणाचा पुरावा नाही. कदाचित तिला कुणी जगूच दिलं नसेल.

मावशी : बरोबर आहे. माझं वाक्य मागे घेते. मग पुढे ढकलणं आणि ठरवून थांबणं यांत तू फरक कसा करशील?

भाची : ठरवून थांबायचं तर तारीख हवी आणि मधल्या काळाचं कामही हवं. सिव्हिल पुरं करते. पुढचे दोन्ही हिवाळे उत्खननावर. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र मला चालवता येतं, त्याचा तिथे उपयोग होईल. पदवीनंतर सर्व्हेची नोकरी, कर्ज फिटेपर्यंतच. ज्या वर्षी शेवटचा हप्ता, त्याच वर्षी प्रवेश. तेव्हा पगार कितीही असो.

मावशी : 'पगार कितीही असो' हे आज म्हणणं सोपं आहे.

भाची : म्हणून तर हे सगळं बाबांना आत्ताच सांगणार आहे. कर्जाची रक्कम, हप्ते, वर्ष, सगळं. मनातल्या मनात दिलेला शब्द मोडला तर कुणाला कळत नाही. त्यांच्यासमोर दिला, तर मोडताना त्यांना उत्तर द्यावं लागेल.

मावशी : आणि खापरं धुताना जीव रमला नाही तर?

भाची : तर तेही त्यांना सांगेन. तेव्हा मी पळून आले असं कुणी म्हणू शकणार नाही. मीसुद्धा नाही.

मावशी : मग माझं विचारून संपलं.

या संवादातलं उत्तर सगळ्यांचं उत्तर नाही. पहिल्याच वर्षी चूक कळली असेल किंवा अभ्यासाने मुलाची तब्येत ढासळत असेल, तर 'पुरं कर' हा सल्ला क्रूर ठरेल आणि लगेच बाहेर पडणं शहाणपणाचं होईल. पण प्रश्न कुठल्याही घरात हेच आहेत. तेव्हा आईवडिलांना विनंती आहे : मुलाने 'हे सोडलं तर?' असं विचारलं की होकार-नकाराची घाई करू नका. आधी विचारा, पळतो आहेस की कुठे पोचायचंय? त्या कामाचा रुक्ष भाग पाहिलास का? वर्षं किती उरली, देणं किती? आणि त्याने या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली, तर ती तुम्हाला आवडली नाहीत तरी त्याची वाट अडवू नका.