श्रवणाचे प्रामाण्य आणि स्वस्त इअरफोन

कानात घालण्याचा, वायरचा, चार-पाचशे रुपयांचा एखादा इअरफोन ‘चांगला’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या म्हणण्याला आधार कशाचा, हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटला तरी मुळात तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान खरे कशावरून मानायचे याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, प्रश्न आहे. येथे ज्याची पारख करायची ते साधन आणि पारख करणारे इंद्रिय एकमेकांना इतके चिकटलेले असतात, की ऐकू आलेल्या आवाजातला दोष यंत्राचा, मूळ ध्वनिमुद्रणाचा की ऐकणाऱ्याच्या कानाचा, हे त्या ऐकण्यातून आपोआप उलगडत नाही. शिवाय ज्या परंपरेत नवविधा भक्तीची मोजणी श्रवणापासून सुरू होते, तिच्यात ऐकण्याचे साधन कसे आहे ही गोष्ट केवळ हौसेची राहत नाही.

हा प्रश्न ज्या भूमीत विशेष जिवंत आहे, ती म्हणजे नांदेडजवळ गोदावरीकाठी वसलेली विष्णुपुरी. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे एकमेकांच्या जवळ आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या गावांतून शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने महागडा बिनतारी संच हा निवडीचा विषयच नसतो, आणि खिशातल्या वायरच्या इअरफोनवरच तासाचे व्याख्यान, स्पर्धा परीक्षेची तयारी, सकाळचा हरिपाठ आणि प्रवासातले कीर्तन हे सारे ऐकले जाते. वायरीला चार्जिंग लागत नाही, आणि ज्या फोनमध्ये एफएमची सोय असते त्यात तीच वायर अँटेनाचेही काम करते. त्यामुळे हे साधन स्वस्त असले तरी दुय्यम नव्हे. पुष्कळांच्या आयुष्यात ते श्रवणाचे मुख्य द्वार आहे. ज्या नांदेडात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथसाहिबाला दिले आणि शब्द हाच गुरू ही धारणा दृढ झाली, त्याच नांदेडच्या परिसरात हे घडते आहे. ज्या जपुजी साहिबाने शीख दिवसाची सुरुवात करतो, त्यातल्या चार पौड्या, म्हणजे कडवी, ऐकण्याच्याच महिम्याला वाहिलेल्या आहेत, आणि हिंगोलीजवळच्या नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या संत नामदेवांची पदे ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. श्रवणाला एवढे मोल देणाऱ्या दोन परंपरा ज्या भागात शेजारी नांदतात, तेथे ‘नीट ऐकणे म्हणजे काय’ हे विचारणे कोणालाही परके वाटू नये.

न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी श्रोत्रेंद्रियाची, म्हणजे ऐकण्याच्या इंद्रियाची, जी मांडणी केली आहे, ती या विषयाला आश्चर्यकारकपणे लागू पडते. त्यांच्या मते शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण असून कर्णशष्कुलीने, म्हणजे कानाच्या पोकळीने, मर्यादित झालेले आकाश हेच श्रोत्र होय. डोळा विषयाकडे जातो, परंतु शब्द मात्र कानाकडे यावा लागतो. तो पाण्यातल्या लाटेने पुढची लाट उठवावी तसा एकामागून एक नवा शब्द निर्माण करीत येतो असे काही म्हणतात, आणि कदंबाच्या फुलाप्रमाणे एकाच वेळी सर्व दिशांना फुटतो असे दुसरे म्हणतात. आधुनिक भौतिकशास्त्र शब्दाला हवेच्या दाबातला चढउतार मानते, म्हणून दोन्ही मांडण्या एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण ऐकणे हे बंदिस्त पोकळीत घडते, ही प्राचीन दृष्टी इअरफोनच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते.

कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते आणि तिच्या तोंडाशी सिलिकॉनचे रबर बसले की यंत्राचा थरथरणारा पडदा व कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा एक लहानसा कोंडलेला भाग तयार होतो. हा भाग खरोखर कोंडलेला असेल तरच खर्जाचे, म्हणजे सेकंदाला थोडी कंपने असलेले, ध्वनी कानापर्यंत पुरेशा दाबाने पोहोचतात. रबर एक माप लहान निघाले आणि बाजूने बारीकशी फट राहिली, तर तेच ध्वनी प्रथम निसटतात. भजनातल्या पखवाजाच्या धुमेच्या पुडीला कणकेचा लेप देऊन जो घुमारा आणलेला असतो, तो अशा इअरफोनवर पार नाहीसा होतो, शाईच्या पुडीची टणटण तेवढी उरते, आणि ऐकणारा यंत्राला दोष देतो. बोटाने इअरफोन हलकेच आत दाबल्याबरोबर धूम परत आली, तर दोष यंत्राचा नसून रबराच्या मापाचा असतो. डब्यात येणाऱ्या लहान, मध्यम आणि मोठ्या रबरांच्या तीन जोड्या न बदलता दिलेला कोणताही निकाल म्हणूनच अपुरा समजावा. पुष्कळांचे दोन कानही एका मापाचे नसतात.

आता प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाच्या खरेपणाचा, मुद्दा येतो. मीमांसकांचे, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या अनुयायांचे, म्हणणे असे, की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाधा आणणारे दुसरे ज्ञान पुढे येईपर्यंत, किंवा ते ज्या साधनाने झाले त्यात दोष आढळेपर्यंत, त्यावर संशय घेण्याचे कारण नाही. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नाही. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेली कृती फळाला आली की नाही यावरून, ठरतो असे ते म्हणतात. साधनातल्या दोषाचे दर्शनशास्त्रातले ठरलेले उदाहरण म्हणजे कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसणे. स्वस्त इअरफोनांत असा ‘पिवळेपणा’ बहुधा दोन जागी असतो. एक तर खर्ज फुगवलेला असतो, कारण दुकानात पहिल्या क्षणी तोच भुरळ घालतो. दुसरे म्हणजे वरच्या पट्टीत कुठेतरी एक टोकदार उंचवटा राहून गेलेला असतो, ज्याने टाळांचा किणकिणाट कानाला टोचू लागतो आणि त्या टोचण्याखाली अभंगाची अक्षरे दबतात. मराठीत ‘स’ आणि ‘श’ यांचा भेद साधारणपणे सेकंदाला दोन हजार ते आठ हजार कंपनांच्या पट्ट्यात ओळखू येतो. नेमका तोच पट्टा वेडावाकडा झाला, तर सूर गोड लागूनही शब्द धड कळत नाही.

या ठिकाणी मीमांसकांचा पक्ष लंगडा पडतो असे म्हणावे लागते. काविळीत सगळेच पिवळे दिसते, म्हणून पिवळेपणा जाणवायला पांढऱ्याची आठवण जागी असावी लागते. त्याचप्रमाणे एकच इअरफोन काही दिवस वापरला की कान त्याला सरावतो, त्याचा फुगवटा हाच स्वाभाविक आवाज वाटू लागतो, आणि बाधक ज्ञान पुढे येण्याची वाटच बंद होते. बाधा झाली नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. तुलना झाली नाही एवढाच होतो.

तुलनेचे शास्त्र मराठवाड्याच्या मातीत फार जुने आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारी देवगिरीला तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली ओळखू येणारी सूक्ष्म स्वरांतरे, सिद्ध करण्यासाठी भरतमुनींपासून चालत आलेली दोन वीणांची रीत सांगितली आहे: एक ध्रुववीणा, जिची जुळणी ढळू द्यायची नाही, आणि दुसरी चलवीणा, जिच्या तारा पायरीपायरीने उतरवत पहिलीशी ताडून पाहायच्या. शार्ङ्गदेव कानाच्या सूक्ष्मतेवर विश्वास ठेवतो, पण एकट्या कानाच्या आठवणीवर विसंबत नाही, आणि यातच त्याची शास्त्रबुद्धी दिसते. त्याच ग्रंथात गायकाच्या आवाजाचे मधुर, स्निग्ध, घन असे गुण आणि रूक्ष, फुटका, निःसार असे दोष नावानिशी दिलेले आहेत. इअरफोनच्या पारखीसाठी ही शब्दसंपत्ती जाहिरातींतल्या ‘दमदार’पेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण आवाज रूक्ष आहे की निःसार, हे सांगता आले की दोष वरच्या पट्टीचा आहे की खालच्या, हे बरेचसे कळून जाते.

मग रोजच्या श्रोत्याची ध्रुववीणा कोणती? महागडा हेडफोन, हे प्रचलित उत्तर टिकत नाही, कारण तोही एक यंत्रच असून त्याच्या निर्मात्यानेही आवाजाला स्वतःच्या पसंतीचे वळण दिलेले असते. एका चलवीणेला दुसरीने ताडण्यासारखे ते आहे. प्रयोगशाळेत कृत्रिम कानात मायक्रोफोन बसवून काढलेले आलेख याहून भरवशाचे असतात, तरी तो कान सरासरीचा असतो आणि कोणाचाच नसतो. खरी ध्रुववीणा म्हणजे यंत्राविना, समोर बसून ऐकलेला आवाज. अखंड हरिनाम सप्ताहात वीणेकऱ्याच्या शेजारी बसून ज्याने पखवाज ऐकला आहे, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रागींच्या, म्हणजे शबद गाणाऱ्यांच्या, कंठातून शबद ऐकला आहे, किंवा वर्गात पहिल्या बाकावरून शिक्षकांचा आवाज वर्षभर ऐकला आहे, त्याच्याजवळ इअरफोन पारखण्याचे माप विकत न घेता आलेले असते. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर, त्या ओळखीच्या आवाजाचे मुद्रण इअरफोनवर ऐकताना शब्द न चुकता टिपून घेता आले, तर ते साधन प्रमाण. त्यासाठी किंमत सांगण्याची गरज नाही.

मात्र ताडून पाहताना एक दक्षता अटळ आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवले, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. म्हणून तेच गाणे थोडे मोठे केले की भरीव आणि चांगले वाटते. दोन इअरफोनांची संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक विद्युतशक्तीत किती मोठा आवाज निघतो ते माप, वेगळी असल्याने फोनवरची आवाजाची रेघ सारखी ठेवूनही एक मोठा वाजतो आणि काउंटरवर तोच जिंकतो. दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेपर्यंत जुळवून मगच निर्णय करणे, ही ध्रुववीणा ढळू न देण्याचीच अट आहे.

धर्मनिष्ठ माणूस यावर आक्षेप घेईल, की कानात बोळे घालून एकट्याने ऐकणे हे श्रवणच नव्हे. श्रवण सभेत, संतांच्या संगतीत होते. आक्षेप वजनदार आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात श्रवणभक्तीला पहिला समास दिला आहे, आणि त्यात काय काय ऐकावे याची यादी एवढी विस्तृत आहे की एका सभेत ती पुरी होणे अशक्य. सभेबाहेरही कान उघडे ठेवावे लागतात, असे त्यावरून समजायला हरकत नाही. उपनिषदांपासून श्रवणापुढे मनन, म्हणजे ऐकलेले पुन्हा पुन्हा विचारात घोळवणे, ही पायरी सांगितलेली आहे, आणि ती बहुतांशी एकांताची आहे. एकच निरूपण थांबवून, मागे नेऊन, अडलेला शब्द पुन्हा ऐकता येणे ही सोय मननाला नक्कीच साह्य करते. पण ही सोय सभेची जागा घेऊ शकत नाही, आणि याचे कारण भावनिक नसून वर आलेल्या मांडणीतच आहे: ज्याने सभा कधी ऐकलीच नाही, त्याच्याजवळ ध्रुववीणा नाही, त्यामुळे आपल्याला काय ऐकू येत नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. एकांतातल्या श्रवणाचे प्रामाण्य सामूहिक श्रवणाकडून उसने घेतलेले असते.

कानाला इजा न होणे हाही पारखीचाच भाग आहे. चरकसंहितेत इंद्रिय आणि विषय यांचा अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग, म्हणजे जादा, मुळीच नाही आणि चुकीच्या रीतीने येणारा संबंध, हे रोगाचे कारण सांगितले असून गडगडाट आणि नगाऱ्यासारखे मोठे आवाज फार ऐकणे हा कानाचा अतियोग म्हटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबलची आहे. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप असून दर ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला ४० तासांचे ५ तासच उरतात. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एसटीत खिडकीच्या काचांचा खडखडाट आणि इंजिनाची घरघर चालू असताना सैल बसलेला इअरफोन आवाज वाढवायला भाग पाडतो. घट्ट बसलेल्या रबराचा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो आणि तेच कीर्तन कमी आवाजात कळते. खर्जासाठी लागणारे रबराचे माप आणि अतियोग टाळण्यासाठी लागणारे माप एकच आहे. रस्त्याने चालताना मात्र हीच अडवणूक धोक्याची ठरते, आणि वायर कपड्यांना घासल्याचा खरखराटही अशा बंद कानात थेट पोहोचतो.

खरेदीला जाताना गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ फोनवर मुद्रित करून नेणे ही रीत यातून सुचते, आणि ती चांगलीच आहे, पण तिच्यातही साधनदोष शिरतो, कारण फोनचा मायक्रोफोनही धुमेचा काही भाग गाळतो आणि टाळांचा आवाज अंगावर आणतो. मुद्रण ऐकताना जे उणे वाटेल त्यातले किती इअरफोनचे आणि किती मायक्रोफोनचे, हे ज्याने तो हरिपाठ मंडळात उभे राहून ऐकला आहे त्यालाच वेगळे करता येते. आणि तेही ती आठवण ताजी असेपर्यंतच, म्हणून सुटीत गावी गेल्यावर त्याने पुन्हा मंडळात बसले पाहिजे.